३१.३ किलोमीटरचा जिना: प्रकल्प नोंदी

शुक्रवार, १८ जुलै २०२५

सकाळच्या पेपरात फेलिक्स बाउमगार्टनर गेल्याची बातमी. ३९ किलोमीटरवरून उडी मारून सुखरूप उतरलेला माणूस काल इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेला. वय ५६.

नववीला गतीचे नियम चालू आहेत. धडा बाजूला ठेवून २०१२ च्या त्या उडीची चित्रफीत लावली. फेलिक्स बलूनखालच्या कुपीच्या दारात उभा, खाली निळा गोल, आणि कानात कुणीतरी एकेक सूचना देतंय. सावकाश, जड आवाजात, घाई नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे आजोबा कोण?"

जो किटिंजर. तेव्हा वय ८४. त्याच्या ५२ वर्षं आधी हेच आजोबा बलूनच्या उघड्या पाळण्यातून ३१.३ किलोमीटरवरून उडी मारून बसले होते. मुलांना फेलिक्सपेक्षा हे ऐकून जास्त नवल वाटलं. "उघड्या म्हणजे? दार नव्हतंच?" दार नव्हतं, भिंतीही नावापुरत्याच.

ऑगस्टच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत होतोच. ठरला. वहीवर तात्पुरतं नाव टाकलं: "जगातली सर्वात उंच उडी". हे नाव टिकणार नाही, कारण आज ती सर्वात उंच नाही. पण वहीला काहीतरी नाव लागतं.

शनिवार, १९ जुलै

गट झाला, सहा जण. तक्ते आणि थर्माकोल नको, यावर सगळ्यांचं एकमत. मग काय? शाळेचा जिना.

आपली इमारत तीन मजली, आणि जिन्याच्या मधली पोकळी तळापासून छतापर्यंत सरळ जाते. दोरीला वजन बांधून मापलं, ९ मीटर १० सेंटिमीटर. एक किलोमीटरला २५ सेंटिमीटर धरले तर:

कळसूबाई ४१ सेंटिमीटर. मुलांनी आधी हेच काढलं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. गेल्या डिसेंबरात दमछाक करत चढलेलं शिखर पहिल्या अडीच पायऱ्यांत संपलं.
एव्हरेस्ट २ मीटर २१.
प्रवासी विमान, ११ किलोमीटर धरून, पावणेतीन मीटर.
किटिंजर ७ मीटर ८३, म्हणजे वरच्या मजल्याच्या कठड्यापाशी.
बाउमगार्टनर ९ मीटर ७४. छताच्या वर.
ॲलन यूस्टेस, २०१४, ४१.४ किलोमीटर, म्हणजे १० मीटर ३५. आणखी वर.

शेवटच्या दोघांसाठी गच्चीवर बांबू उभा करावा लागेल. शाळेतल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "पाऊस थांबू द्या सर, मग बघू." नाशिकचा पाऊस जुलैत थांबत नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मंगळवार, २२ जुलै

माणसाची माहिती लावून घेतली. मुलांनी आपापले भाग वाटून घेतले, मी फक्त तारखा तपासल्या.

जन्म २७ जुलै १९२८, टँपा, फ्लोरिडा. १९४९ साली हवाई दलात. पुढे न्यू मेक्सिकोतल्या होलोमन तळावर. तिथे कर्नल जॉन स्टॅप हा डॉक्टर स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घ्यायचा. १० डिसेंबर १९५४ ला ती गाडी ताशी १,०१७ किलोमीटरवर गेली आणि दीड सेकंदाच्या आत थांबली. त्या वेळी वरून विमानातून नजर ठेवणारा वैमानिक होता किटिंजर. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं. माणसाचं शरीर किती सोसतं हे आधी स्वतःवर करून बघायचं, हा त्या तळाचा रिवाजच होता. स्टॅपनेच त्याला बलूनच्या कामात ओढलं.

२ जून १९५७: मॅनहाय प्रकल्पाचं पहिलं उड्डाण. बंद कुपीत बसून किटिंजर एकटा साडेएकोणतीस किलोमीटरवर. स्पुटनिकच्या चार महिने आधी.

पुढची कारकीर्द तक्त्यावर थोडक्यात देऊ. व्हिएतनाममध्ये ४८३ मोहिमा, १ मार्च १९७२ ला एक मिग-२१ विमान पाडलं, ११ मे १९७२ ला स्वतः पाडला गेला, अकरा महिने हनोईच्या तुरुंगात. १९७८ ला कर्नल म्हणून निवृत्त. १९८४ च्या सप्टेंबरात एकट्याने बलूनमधून अटलांटिक ओलांडला, अमेरिकेतल्या केरिबूपासून इटलीपर्यंत, ५,७०३ किलोमीटर. उतरताना पाय मोडला. ९ डिसेंबर २०२२ ला, ९४ व्या वर्षी गेला.

गटातल्या एकाने एवढं वाचून विचारलं, "सर, एकाच माणसाचं आहे ना हे?"

शुक्रवार, २५ जुलै

आज गाडी अडली, आणि अडली ते बरं झालं.

गटातल्या चष्मेवाल्याने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या.

किटिंजर: ३१.३ किमी वरून, पडण्याचा वेळ ४ मिनिटे ३६ सेकंद.
बाउमगार्टनर: ३९ किमी वरून, पडण्याचा वेळ ४ मिनिटे २० सेकंद.

आणि खाली मोठं प्रश्नचिन्ह. साडेसात किलोमीटर खालून पडलेल्या माणसाला जास्त वेळ कसा लागला? शिवाय बाउमगार्टनरने पॅराशूट किटिंजरपेक्षा बरंच खाली आल्यावर उघडलं, म्हणजे त्याचं अंतर आणखीच जास्त.

कुणी म्हणालं आकडा चुकला असेल. कुणी म्हणालं १९६० ची घड्याळं. मी उत्तर दिलं नाही. खरं तर मलाही क्षणभर अडखळायला झालं. उत्तर माहीत होतं, पण मी कधी या दोन ओळी अशा एकाखाली एक ठेवून पाहिल्या नव्हत्या.

उत्तर आहे सहा फुटांची एक छत्री. किटिंजरच्या पाठीवर मुख्य पॅराशूटच्या आधी उघडणारं एक छोटं पॅराशूट होतं, ड्रोग. हवाई दलाकडचा तंत्रज्ञ फ्रान्सिस बोप्रे याने ते बनवलं होतं. त्याचं काम वेग कमी करणं हे नव्हतं, त्याचं काम माणसाला गरगर फिरू न देणं. पण छत्री म्हटली की हवा अडणारच, त्यामुळे वेगही कमी झाला आणि वेळ वाढला. बाउमगार्टनर ड्रोगशिवाय पडला म्हणून ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत गेला आणि लवकर खाली आला.

मुलांचा लगेच दुसरा प्रश्न: मग किटिंजरची उडी "मोकळी" कशी म्हणायची? वाद जुना आहे. अमेरिकी हवाई दलाने ती उडी आंतरराष्ट्रीय संस्थेकडे विक्रम म्हणून नोंदवलीच नाही. ड्रोगशिवाय सर्वात लांब पडण्याचा अधिकृत विक्रम पुढची पन्नास वर्षं सोव्हिएत संघाच्या येवगेनी आंद्रेयेव्हच्या नावावर राहिला: १ नोव्हेंबर १९६२, साडेचोवीस किलोमीटर. त्याच दिवशी, त्याच बलूनमधून उतरताना त्याचा सोबती प्योत्र दोल्गोव्ह गेला. शिरस्त्राणाची काच पाळण्याला आपटली आणि सूटमधला दाब गेला.

वहीवरचं "जगातली सर्वात उंच उडी" खोडलं. नवीन नाव अजून नाही.

शनिवार, २६ जुलै

बाहुल्याचा प्रयोग. चित्रकलेच्या बाईंनी जुन्या मोज्याचा बाहुला शिवून दिला, आत वाळू, २०० ग्रॅम. ड्रोग म्हणून रुमाल, चार कोपऱ्यांना शिवणाचा जाड दोरा.

वरच्या मजल्यावरून नुसता सोडला: पाच वेळा पाचही तऱ्हा. एकदा डोक्यावर, एकदा पाठीवर, तीनदा कोलांट्या खात. ९ मीटर पडायला जेमतेम दीड सेकंद, तेवढ्यातही तो फिरतोच. मग मुलांना सांगितलं की हवाई दलाने किटिंजरच्या आधी खरेखुरे माणसाच्या आकाराचे पुतळे वरून टाकून पाहिले होते, आणि ते आडवे होऊन मिनिटाला दोनशे वेळांपर्यंत फिरत होते. एवढ्या फिरण्यात रक्त डोक्याकडे आणि पायांकडे फेकलं जातं. वैमानिकाला उंचावरच्या विमानातून उडी मारायची वेळ आली तर पॅराशूट लगेच उघडावं, तर वर थंडीने आणि ऑक्सिजनविना मरण, आणि उघडू नये तर ही गरगर. बोप्रेच्या छत्रीचा जन्म या पेचातून.

मग रुमाल बांधून सोडला. पहिल्या तीन वेळा पाय खाली, छान सरळ. चौथ्या वेळी सोडणाऱ्याने रुमाल हातातून आधी सोडला आणि बाहुला नंतर. दोरा बाहुल्याच्या मानेभोवती दोन वेढे घेऊन बसला, रुमाल उघडलाच नाही, बाहुला फिरत खाली.

मुलं हसली. मी हसलो नाही, कारण १६ नोव्हेंबर १९५९ ला नेमकं हेच झालं होतं. एक्सेलसियर, म्हणजे किटिंजरच्या तीन उड्यांच्या प्रकल्पाची पहिली उडी, ७६,४०० फूट. पाळण्यातून उठताना ड्रोगच्या घड्याळाची दोरी वेळेआधीच ओढली गेली. चौदा-पंधरा सेकंदांनी उघडायची ती छत्री अडीच सेकंदांतच बाहेर आली. तेव्हा वेगच नव्हता, म्हणून ती फुगली नाही, आणि दोर किटिंजरच्या मानेला गुंडाळले गेले. तो मिनिटाला १२० वेळा फिरत बेशुद्ध झाला. आणीबाणीचं पॅराशूट आपोआप उघडणारं होतं म्हणून वाचला.

हे सांगितल्यावर कुणी हसेना. मग तो, ज्याने रुमाल आधी सोडला होता, म्हणाला, "सर, हा बाहुला तसाच ठेवायचा का प्रदर्शनात? दोरा न सोडवता?"

ठेवायचा. हा बाहुला नंबर एक. दुसरा शिवायला बाईंकडे मोजा दिला.

रविवार, २७ जुलै

घरी. आज किटिंजरचा जन्मदिवस, तारीख लिहिताना लक्षात आलं.

दिवसभर एक्सेलमध्ये त्याची उडी पडताळत बसलो. हिशेब साधा आहे: दर अर्ध्या सेकंदाला उंची बघायची, त्या उंचीवरची हवेची घनता कोष्टकातून घ्यायची, हवेचा रोध काढायचा, वजनातून वजा करायचा, नवा वेग. सूट, ऑक्सिजन, उपकरणं धरून वजन १४० किलो मानलं. ३१ किलोमीटरवर हवेची घनता जमिनीवरच्या सव्वा टक्का असते. त्यामुळे पहिली पंधरा-सोळा सेकंदं तो जवळजवळ निर्वातातच पडतो. सोळाव्या सेकंदाला ताशी साडेपाचशे किलोमीटर.

एक आकडा मला हवा तसा बदलता येतो, माणूस अधिक छत्री मिळून हवा किती अडवतात तो. पावणेदोन चौरस मीटर धरले तेव्हा १७,५०० फुटांपर्यंतचा, म्हणजे मोठी छत्री उघडेपर्यंतचा वेळ बरोब्बर ४ मिनिटे ३६ सेकंदांवर आला. टाळी वाजवली. मग सर्वोच्च वेग पाहिला: ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास.

छापलेला आकडा ९८८ आहे.

मग उलटं केलं. वेग ९८८ जुळेपर्यंत रोध कमी केला, पाऊण चौरस मीटरच्या थोडं वर. आता वेळ आला ३ मिनिटे २० सेकंद. वेळ जुळवावी तर वेग सुटतो, वेग जुळवावा तर वेळ सुटते. चहा दोनदा गार झाला.

रात्री अकराला एक तोडगा: वर, विरळ हवेत, छत्रीचा रोध कमी धरायचा आणि २५ किलोमीटरखाली पूर्ण. मग दोन्ही आकडे एकदम बसतात. पण हे मी बसवलं आहे. छत्री खरंच तशी वागली का, हे माझ्या कोष्टकावरून सिद्ध होत नाही. दोन सोंगट्या हातात असल्या की दोन घरं भरता येतातच. हे प्रदर्शनात लावायचं नाही. मुलांना मात्र दाखवायचं, दोन्ही चुकलेल्या हिशेबांसकट.

एक गोष्ट मात्र पहिल्या फटक्यात जुळली. एकूण खाली यायला १३ मिनिटे ४५ सेकंद. त्यातून ४ मिनिटे ३६ वजा केली की मोठ्या छत्रीखालची ९ मिनिटे ९ सेकंद उरतात. तिथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर, म्हणजे उतरायचं अंतर चार किलोमीटरला थोडं कमी. सेकंदाला सव्वासात मीटर. २८ फुटांच्या छत्रीखाली एवढ्या वजनाचा माणूस असाच उतरेल.

आणि एक कबुली. २०१२ साली त्या वेळच्या नववीला मी छातीठोकपणे सांगितलं होतं की किटिंजरने ध्वनीचा वेग ओलांडला. नाही. त्या उंचीवर ध्वनी ताशी सुमारे १,०८० किलोमीटरने जातो, ९८८ त्याच्या आतच. ती मुलं आता पंचविशी ओलांडून गेली असतील.

शनिवार, २ ऑगस्ट

जिन्यावर खुणा सुरू. सुतळी वरपासून खालपर्यंत ताणली, प्रत्येक किलोमीटरला गाठ, प्रत्येक पाचव्याला लाल चिंधी.

१९ किलोमीटरवर (४ मीटर ७५) काळी पट्टी. याच्या वर हवेचा दाब इतका कमी की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं. सूटविना माणूस टिकत नाही. किटिंजरच्या उजव्या हातमोज्यात वर जाताना दाब भरलाच नाही. त्याने ते खाली कळवलं नाही, कळवलं असतं तर डॉक्टरांनी उड्डाण थांबवलं असतं. हात सुजून दुप्पट झाला, दुखत होता, पण तो वर गेला, वर बारा मिनिटं थांबला आणि उडी मारली. उतरल्यावर काही तासांत हात पूर्ववत.

मुलांना हे फार आवडलं. मला विचाराल तर मला ते तितकं आवडत नाही. ज्या प्रयोगाचा सगळा हेतू दुसऱ्या वैमानिकांचा जीव वाचवणं हा, त्यात यंत्र बिघडल्याची खबर दाबून ठेवणं हे धाडस आहे की दडवणं, यावर गटात अर्धा तास वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "तो बेशुद्ध झाला असता तर चूक म्हटलं असतं, झाला नाही म्हणून शूर." तिचं वाक्य जसंच्या तसं काळ्या पट्टीखाली लावलं आहे. मुख्याध्यापिका बाई येतील तेव्हा बघू.

तापमानाच्या खुणांवरून दुसरा गोंधळ. त्या उड्डाणात सर्वात थंड हवा, उणे ७०, सर्वात वर नव्हती, वाटेत लागली. मुलांनी खूण वर लावली होती, खाली आणली. "जितकं वर तितकं गार" हे कळसूबाईपुरतं खरं. पुढे ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो आणि हवा पुन्हा थोडी ऊबदार होऊ लागते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मुख्याध्यापिका बाईंचा फेरा. काळ्या पट्टीखालचं वाक्य वाचलं, काही बोलल्या नाहीत, पुढे गेल्या. मग विचारलं, "सगळं अमेरिकेचंच आहे. आपलं काही?"

प्रश्न मला थोडा टोचला, कारण ओढूनताणून आणलेलं "आपलं" मला पटत नाही. पण ५ मीटर २६ ची जागा मी आधीच मनात धरून ठेवली होती. २६ नोव्हेंबर २००५: विजयपत सिंघानिया, मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, गरम हवेचा बलून, २१,०२७ मीटर. गरम हवेच्या बलूनचा तो जागतिक विक्रम. आणि उतरले कुठे, तर आपल्याच सिन्नर तालुक्यात, पांचाळे गावाजवळ. गटातल्या एकाचं आजोळ त्याच पट्ट्यात. बाईंचा चेहरा खुलला.

सिंघानिया बंद, दाब राखलेल्या कुपीत बसले होते, उडी मारली नाही. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलं.

शीतल महाजन यांचं नाव मुलींनी सुचवलं. पुण्याच्या. १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी, आणि ती आयुष्यातली पहिलीच. २०११ साली पद्मश्री. आमच्या मापाने ही खूण येते जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर, पहिल्या पायरीच्या किंचित वर. मुली नाराज. "सर, एवढं खाली?" पट्टी काय मोजते आणि काय मोजत नाही, ते इथे दिसलं. खूण तिथेच ठेवली, पण चिठ्ठीचा कागद सर्वात मोठा घेतला. हे त्यांनीच केलं, मला न विचारता.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, तरी चौघे आले. पाळणा तयार झाला. केळ्याच्या खोक्याचा पुठ्ठा, चंदेरी कागद, पुढची बाजू उघडी. खऱ्या पाळण्याच्या दारात पायाशी एक पाटी होती: "ही जगातली सर्वात उंच पायरी". आमच्या प्रदर्शनाचं नाव पायरीवरून ठेवावं असं एकाला वाटलं. जिन्यावरचं प्रदर्शन, पायरी, चांगलं जुळतं. पण मला ते फार गुळगुळीत वाटलं.

दुसरा बाहुला आला. याच्या रुमालाला आता पावडरच्या डब्याच्या झाकणाची युक्ती: बाहुला काही अंतर पडल्यावरच सुतळी ताणली जाऊन झाकण निघतं आणि रुमाल सुटतो. दहा वेळा सोडला. नऊ वेळा पाय खाली. दहाव्यांदा झाकण निघालंच नाही.

पहिल्या उडीत मरता मरता वाचल्यावर किटिंजरने दुसरी उडी किती दिवसांनी मारली, हे मुलांना ओळखायला लावलं. उत्तरं आली एक वर्ष, सहा महिने, "मी असतो तर कधीच नाही". पंचवीस दिवस. ११ डिसेंबर १९५९, ७४,७०० फूट. ड्रोग नीट चालला. मग १६ ऑगस्ट १९६० ची तिसरी, १,०२,८०० फूट.

त्या तिसऱ्या उडीतली मला सर्वात आवडणारी गोष्ट आकड्यांत नाही. पडू लागल्यावर त्याला वेग जाणवलाच नाही. कपडा फडफडत नव्हता, वाऱ्याचा आवाज नव्हता. पाठीवर वळून पाहिलं तर बलून झपाट्याने वर निघून चाललेला दिसला. मग लक्षात आलं की बलून जागेवरच आहे, जातोय तो आपण. चष्मेवाला म्हणाला, एसटी स्टँडवर शेजारची गाडी सुटते तेव्हा होतं तसं. याहून चांगलं मला सापेक्ष गतीवर शिकवता आलं नसतं.

बुधवार, १३ ऑगस्ट

प्रदर्शन १६ ला ठरलं होतं, उडीला नेमकी ६५ वर्षं. आज सूचना आली: १६ ला दहीहंडी. सुट्टी. आता सोमवार, १८.

एकाने लगेच जोडलं, "सर, त्याच दिवशी इकडेही वरूनच पडणार सगळे!" खरं आहे. आणि ड्रोगही नाही.

तक्त्यातला व्हिएतनामचा भाग पुन्हा लिहून घेतला. एका मुलाने लिहिलं होतं की ११ मे १९७२ ला विमान पडलं तेव्हा किटिंजरला त्याच्याच छत्रीने वाचवलं. गोष्ट म्हणून फर्मास, आणि मलाही आठवडाभर हाच मोह होता. पण त्याचं विमान एफ-४ फँटम, त्यातली सीट ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीची, आणि त्या सीटमधला ड्रोग ही त्यांची स्वतःची, एक्सेलसियरच्या आधीपासूनची परंपरा. उंचावरून, वेगात बाहेर पडलेल्या माणसाला आधी छोट्या छत्रीने स्थिर करायचं, ही कल्पना दोन्हीकडे एकच. वाक्य तेवढंच ठेवलं. मुलगा हिरमुसला.

बाउमगार्टनरच्या चिठ्ठीत भर: त्याच्याकडेही ड्रोग होता, फक्त गरज पडली तरच उघडणारा. साडेतीन जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनपट ताण सलग सहा सेकंद राहिला तरच. तो गरगर फिरू लागला होता, पण स्वतः सावरला आणि ड्रोग उघडायची वेळ आली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी यूस्टेस आणखी वरून आला तो पुन्हा ड्रोग लावूनच. ही चिठ्ठी लिहून झाली आणि नाव आपोआप सुचलं. चित्रकलेच्या बाईंनी सुंदर अक्षरात पाटी रंगवली: "छोटी छत्री".

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर पाऊस तासभर थांबला. मामा आणि मी गच्चीवर. बांबू कठड्याला तीन ठिकाणी बांधला, वर दोन पताका: खालची बाउमगार्टनरची, वरची यूस्टेसची. ग्राउंडवरून मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामा खाली उतरताना म्हणाले, "तो अमेरिकेचा म्हातारा एकटा गेला वर, आणि तुम्हाला एका बांबूला माणूस लागतो."

आतापर्यंतचा खर्च ३४० रुपये. सुतळी, रंग, चंदेरी कागद. बांबू मामांचा.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळपासून पावसाची संततधार. पालक कमी आले, पण जे आले ते जिना चढून वरपर्यंत गेले. पाचवीची मुलं दर किलोमीटरच्या गाठीला हात लावत मोजत होती, आणि सोळा-सतराला विसरून पुन्हा खाली जात होती.

सर्वात जास्त गर्दी बाहुला नंबर एकपाशी. मानेभोवती दोरा तसाच. त्याच्या शेजारी उभी असलेली मुलगी, तीच "हे आजोबा कोण" विचारणारी, दर वेळी पूर्ण गोष्ट सांगत होती, आणि मी ऐकलं तेव्हा तिने त्यात बोप्रेचं नाव दोनदा घेतलं, किटिंजरचं एकदा.

दोन नंबरचा बाहुला बत्तीस वेळा सोडला. एकोणतीस वेळा पाय खाली. चष्मेवाल्याने वहीत तिन्ही चुकांची कारणं लिहिली आहेत: झाकण घट्ट, रुमाल ओला, आणि तिसऱ्यापुढे "सोडणारा मी".

एका आजोबांनी विचारलं, एवढ्या वरून खाली बघून भीती वाटली नसेल का? मुलं माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं की उडी मारताना त्याच्या तोंडून निघालेले शब्द ध्वनिमुद्रित आहेत, देवा आता मला सांभाळ अशा अर्थाचे. आजोबा मान हलवून पुढच्या मजल्याकडे निघाले, गुडघा धरत.

बुधवार, २० ऑगस्ट

आवराआवर. मामांना बांबू परत हवा, पुढच्या बुधवारी गणपती बसणार, मांडवाला लागतो. बाउमगार्टनर आणि यूस्टेस दोघेही खाली आले. पताका नववीच्या कपाटात.

सुतळी काढली. भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा मुख्याध्यापिका बाईंनी राहू द्यायला सांगितल्या. दोन्ही बाहुले प्रयोगशाळेत, स्प्रिंग बॅलन्सच्या खोक्यात. नंबर एकचा दोरा कुणीतरी सोडवून ठेवला होता, तो पुन्हा गुंडाळला.

उरलेलं काम: एक्सेलची फाईल चष्मेवाल्याला द्यायची. त्याला वेग आणि वेळ दोन्ही एकाच आकड्यात बसवून दाखवायचे आहेत.